प्रतिसाद : 'लाइक' दिसलं की सिमिली?

वर एकांनी लिहिलंय की इंग्रजी वाक्यात 'लाइक' किंवा 'ॲज' दिसलं की सिमिली (म्हणजे आपला उपमा अलंकार), एवढं मुलांना पाठ करून द्यावं. मला ते पटत नाही, कारण परीक्षेत मुलं नेमकी इथेच फसतात.

'शी लाइक्स म्युझिक' यात 'लाइक' हे क्रियापद आहे, तुलना कुठेच नाही. 'ही लुक्स लाइक हिज ब्रदर' यात तुलना आहे, पण ती सरळ वस्तुस्थिती. भाऊ भावासारखाच दिसणार. 'ही रन्स लाइक द विंड' मध्ये मात्र माणूस आणि वारा या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र आल्या, म्हणून ती सिमिली. तेव्हा आधी शब्दाची जात ओळखायला शिकवा, अलंकार मागाहून.

पर्सोनिफिकेशनला, म्हणजे निर्जीवाला माणसासारखं वागायला लावणाऱ्या अलंकाराला, तर व्याकरणच कामी येतं. 'द विंड व्हिस्पर्ड थ्रू द ट्रीज' हे वाक्य घ्या. क्रियापद कोणतं? व्हिस्पर्ड. कर्ता कोण? वारा. कुजबुजणं हे काम माणसाचं, मग ते वाऱ्याला कुणी दिलं? इतकं विचारलं की मूल स्वतःच उत्तर देतं. मराठीतली चेतनगुणोक्ती हीच की! उपमा, रूपक, अतिशयोक्ती शिकलेल्या मुलांना सिमिली, मेटाफर, हायपरबली नव्याने घोकायला लावणं हा मला खरोखर अन्याय वाटतो.

मेटाफर शिकवताना मात्र 'द क्लासरूम वॉज अ झू' यावर थांबू नका. 'टाइम फ्लाइज' सारखी, क्रियापदात दडलेली रूपकंही दाखवा.