तीनशे रुपयांच्या ‘बॅलिस्टिक’ गॉगलवर पोलिसाने भरवसा ठेवावा का?

तापीकाठचा: मावसभाऊ पोलिसात आहे, बंदोबस्तासाठी त्याने ऑनलाइन ‘बॅलिस्टिक’ (म्हणजे वेगाने येणारे तुकडे सोसणारा) लिहिलेला गॉगल मागवला, तीनशेत. काचेवर नाही, काडीवर नाही, कुठंच एक अक्षर छापलेलं नाही, डब्यावर कमांडोचा फोटो तेवढा झकास. अमेरिकन लष्कर चष्मा घेताना एमआयएल-पीआरएफ-32432 या लष्करी मानकाप्रमाणे धातूचा बारीक तुकडा सेकंदाला 200 मीटरच्या आसपास वेगाने काचेवर मारून बघतं, मगच पास. युरोपच्या ईएन 166 या डोळ्यांच्या संरक्षणाच्या जुन्या मानकात तर किती जोराचा मार सोसेल ते सांगणारी एफ, बी, ए अशी अक्षरं काचेवरच असतात. मार्किंग नसेल तर ‘बॅलिस्टिक’ म्हणून विकायला बंदीच पाहिजे.

धुळेकर_भो: काय सांगस भो! बंदी घातली की तोच माल ‘स्पोर्ट्स’ नावाने येईल. आणि ती टेस्ट स्फोटातल्या छर्ऱ्यांसाठी आहे, आपल्याकडे येतो दगड. तुझा तो तुकडा अर्धा ग्रॅमसुद्धा नाही, हिशोब केला तर त्याच्या माराची ऊर्जा सात-आठ ज्यूल. दीडशे ग्रॅमचा दगड सेकंदाला 20 मीटर वेगाने आला तर 30 ज्यूल. काच शाबूत राहिली तरी फ्रेम नाकाडात घुसेल त्याचं काय? हेल्मेटचं व्हायजर, म्हणजे तोंडासमोरची पारदर्शक ढाल, चांगलं द्या, गॉगलचे लाड नंतर.

वरणगावकर: व्हायजर खाली ठेवतं कोण पण? मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 ला, आतून वाफ धरते, वरून ओरखडे, समोरचा माणूस दिसत नाही म्हणून सगळे वर सरकवून उभे, आणि बाटलीची काच नेमकी तेव्हाच येते. गॉगल निदान डोळ्यावर राहतो. फक्त एक, त्याच्या काचेचं पॉलीकार्बोनेट प्लास्टिक दणकट असलं तरी वरून मऊच, धुळीचा रुमाल फिरवला की चरे, थिनर लागलं की तडे. चरे न पडणारं, वाफ न धरणारं कोटिंग तीनशेत कुठून येणार?

भुसावळ_लोको: चाळिशीतल्या हवालदाराला नंबर असतो हे कोणी बोलतच नाहीये. चांगल्या गॉगलात आतून नंबरची काच बसवायची सोय असते. ती नसली की गडी साधा चष्मा घालून दगडफेकीत उभा.

तापीकाठचा: मग दोन्ही द्या ना, आत गॉगल वर व्हायजर. @धुळेकर_भो तुझा हिशोब बरोबर, पण म्हणून खोटं लेबल चालवून घ्यायचं का?

धुळेकर_भो: लेबलचं खरं करशील रे, पण पैसे कोणाच्या खिशातून ते आधी बोल. स्वतःच्या पगारातून घ्यायचा असला तर तो मार्किंग वाचत बसणार नाही, तीनशेवालाच उचलणार.