पडदा वर जातो तो जातो कुठे?

गावभागातली आत्या

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला बालनाट्याला नेलं होतं. राक्षस, परी, गाणी, वेफर्स, सगळं झालं. बाहेर पडताना पोराने एकच विचारलं, "आत्या, तो पडदा वर जातो तो जातो कुठे?" म्हटलं, वर. "वर म्हणजे कुठे?"

पन्नास वर्षं सांगलीत काढली. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते आमच्या गावात, हे येईल त्या पाहुण्याला ऐकवलं. पण माझी मजल कायम खुर्चीपर्यंत. विंगेत कधी पाऊल टाकलेलं नाही.

आणि टाकलं ते कुठे, तर स्वीडनमध्ये! लेकीकडे स्टॉकहोमला गेले होते, तिथून बोटीने ड्रॉटनिंगहोमला गेलो. राजवाड्याच्या आवारात १७६६ चं थिएटर आहे. बाहेरून बघाल तर धान्याचं कोठार वाटेल. आत संगमरवरी खांब, म्हणून मी हात लावायला गेले तर गाइडबाई हसल्या. लाकूड आणि कागदाचा लगदा, वरून रंग. खजिन्यात खडखडाट होता म्हणे! हे ऐकून फार बरं वाटलं, राजेरजवाडे झाले तरी नाटकाच्या खर्चाला हात आखडतातच.

खरी गंमत रंगमंचाखाली. तिथे लाकडाचा मोठा उभा रहाट आहे, गुऱ्हाळातल्या चरकाला बैल जुंपतात तशी त्याला माणसं लागतात. दोन्ही बाजूंच्या विंगांचे फ्लॅट, म्हणजे रंगवलेल्या उभ्या चौकटी, दोरांनी याच एका रहाटाला बांधलेले. रहाट फिरला की अरण्य आत सरकतं आणि त्याच वेळी राजवाडा बाहेर येतो, लोकांच्या डोळ्यांदेखत, काही सेकंदांत. समुद्र म्हणजे पिळाचे लांब लाकडी दांडे, निळे रंगवलेले, एकामागे एक आडवे. बाजूला हँडल फिरवलं की लाटा. मेघगर्जनेसाठी वर एक लाकडी पेटी, तिच्यात दगड. दोर ओढला की पेटी कलते आणि दगड गडगडतात.

हे सगळं टिकलं ते दुर्लक्षामुळे. राजा गुस्ताव तिसरा १७९२ साली मुखवट्यांच्या नाचात गोळी लागून गेला आणि थिएटर बंद पडलं. पुढे शंभरावर वर्षं अडगळीची खोली. १९२१ साली एक अभ्यासक कुठलं तरी चित्र शोधत आत शिरला, तर दोर, पडदे, रहाट, सगळं जागच्या जागी. मधल्या काळात कुणाला सुधारणा करायची हौस आली नाही, हे नशीब.

तर मंडळी, ज्यांनी कुठल्याही जुन्या नाट्यगृहाची मागची बाजू हिंडून बघितली असेल त्यांनी लिहा. देशात, परदेशात, गल्लीत, कुठेही. आणि भाच्याचं उत्तर माहीत असेल तर आधी ते.

मिरज जंक्शन

ताई, तुम्ही बैल म्हणालात म्हणून लिहितो. जपानमध्ये कोतोहिरा नावाचं देवस्थान आहे, सातशे पंच्याऐंशी पायऱ्या चढून जायचं. देवाचं नाव कोंपिरा. हे आपल्या संस्कृतातल्या कुंभीरावरून आलं, म्हणजे मगर. कृष्णाकाठच्या माणसाला मगरीचं काय कौतुक, पण दर्शन घेतलं. पायथ्याशी कानामारू-झा, १८३५ चं थिएटर, काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकाराचं.

दारातच चपला काढायच्या. आत खुर्च्या नाहीत, लाकडी पट्ट्यांनी पाडलेले चौकोन आणि त्यात मांडी घालून बसायचं. माझे गुडघे बघता नाटक नव्हतं तेच बरं झालं.

मग रंगमंचाखाली उतरलो. वाकून चालावं लागतं, ओल्या मातीचा वास, मिणमिणता दिवा. मधोमध फिरत्या रंगमंचाचा आस. त्याला चारही बाजूंनी खांदा लावून माणसं तो ढकलतात, वर सीन बदलतो. मोटार वगैरे काही नाही. आपल्याकडे 'तो मी नव्हेच'च्या फिरत्या रंगमंचाचं १९६२ साली केवढं अप्रूप झालं होतं, वडील सांगायचे.

या तळघराला ते लोक म्हणतात 'नाराकू'. शब्द कुठून आला विचारलं. संस्कृत 'नरक', बौद्ध ग्रंथांतून तिकडे गेलेला! मी त्या अंधारात एकटाच हसत सुटलो. आमचा बॅकस्टेजवाला मित्र तीस वर्षं हेच म्हणत आलाय.

विश्रामबाग

पॅरिसचं ऑपेरा हाऊस. टूरवाल्यांनी "पडद्यामागचं पॅरिस" म्हणून जादाचे युरो घेतले. जिना बघितला, आरसे बघितले, शागालने १९६४ साली रंगवलेलं छत मान दुखेपर्यंत बघितलं. झुंबराचं वजन पेलणारा एक भार १८९६ साली खाली पडून एक बाई गेली, हेही ऐकलं. रंगमंच? तालीम चालू असल्याने बंद. पडद्याची पुढची बाजूसुद्धा दाराच्या फटीतून. तुम्ही जाणार असाल तर "स्टेजवर पाय ठेवायला मिळणार का" हे आधी लेखी विचारा.

एसटी स्टँड ते हीथ्रो

लंडनचं ड्रुरी लेन. १६६३ पासून त्याच जागेवर नाटक चालू आहे, आत्ताची इमारत चौथी, १८१२ ची. मी विंगेत उभा राहून कौतुकाने हलकीशी शीळ घातली. आमच्या गाइडने असं बघितलं की जणू मी त्याच्या तिजोरीलाच हात घातला. पूर्वी दोर ओढायला बंदरावरचे खलाशी ठेवायचे म्हणे, आणि ते एकमेकांना शिट्ट्यांनी इशारे द्यायचे. तुम्ही सहज शीळ घातलीत आणि वरच्याने पडदा सोडला तर डोक्यात! खलाशी गेले, आता हेडफोन आले, शिट्टीची भीती तशीच.

आधीची इमारत १८०९ च्या फेब्रुवारीत जळाली. आग लागलीच तर आडवा यावा म्हणून तिथे लोखंडी पडदा होता, छपरावर पाण्याच्या टाक्या होत्या. तरी जळाली. मालक शेरिडन जवळच्या कॉफी हाऊसमध्ये ग्लास घेऊन आग बघत बसला. कुणी हटकलं तर म्हणाला म्हणे, स्वतःच्या शेकोटीपाशी माणसाने घोटभर वाइनही घ्यायची नाही का? गाइडने हे विनोद म्हणून सांगितलं, सगळे हसले.

कोल्हापूरची सून, सांगलीची लेक

मला नाही हसू येणार.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना लांबून बघितलंय. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थिएटर, १९१५ चं. स्पर्धेच्या नाटकात माझं काम काय, तर तिसऱ्या प्रवेशात ताट-वाट्या नेऊन ठेवायच्या. त्यामुळे त्या विंगेतल्या अंधारात मी तासन् तास उभी असायचे. डाव्या हाताला एक खांब होता, त्याला टेकायचे. बाहेर टाळ्या पडल्या की त्या आधी पाठीला कळायच्या, मग कानाला. तेव्हा कुणी म्हणालं असतं की पैसे देऊन लोक असं बघायला जातात, तर वेड्यात काढलं असतं. आता मी देईन.

उत्तर शिवाजीनगर

थोडं हलकं लिहितो. सिमल्याचं गेटी थिएटर, १८८७ चं, तिकीट काढून आतून दाखवतात. वास्तुविशारद हेन्री आयर्विन. मी लगेच बायकोला कोपर मारलं, "आपला आयर्विन पूल!" तिने गूगल करून तिथेच माझी लाज काढली. आपला सांगलीचा पूल व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या नावाचा, हा गडी वेगळा.

सिडनीचं ऑपेरा हाऊस १९७३ चं, म्हणजे माझ्याच वयाचं, ऐतिहासिक म्हणवत नाही. पण तिथली बॅकस्टेज टूर सकाळी सातला, आणि न्याहारी कलाकारांच्या ग्रीनरूममध्ये. वादकांच्या खड्ड्यावर जाळी आहे. एकदा नाटकातली खरी कोंबडी चालत चालत थेट चेलोवाल्याच्या अंगावर पडली, तेव्हापासून लावली असं सांगतात.

हरिपूरकर

नाटककार गो. ब. देवलांच्या गावचा आहे, म्हणून तोंड उघडतो. सगळं आयुष्य बॅकस्टेजला गेलं. मला विचाराल तर हे मागचं बिंग पैसे घेऊन दाखवणं पटत नाही. बघणाऱ्याने पुढून बघावं. पण आत्याबाईंच्या भाच्याचा प्रश्न पाच जणांनी वाचला आणि जपान-लंडन हिंडून आले, उत्तर एकानेही दिलं नाही!

तर बाळा, ऐक. पडदा अख्खाच्या अख्खा वर जायचा तर रंगमंचाचं तोंड जेवढं उंच त्याहून जास्त जागा वर पोकळ लागते. ज्या नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला इमारतीने मान वर काढलेली दिसते, तिथे पडदा त्या मानेत जाऊन लटकतो. एवढी उंची नसेल तर पडदा दुमडत, चुण्या पडत वर जातो, नाहीतर मधून फाकून दोन बाजूंना पळतो. संगीत नाटकांच्या काळातले रंगवलेले पडदे, महाल, रस्ता, बाग, हे खालच्या बांबूवर गुंडाळत वर जायचे. दोर दोन बाजूंना दोघांनी सारखा ओढायचा. एकाचा हात जड पडला की महाल तिरका. मी केलाय तिरका. लोक हसले, आणि मालक मध्यंतरात काय बोलले ते इथे लिहिता येत नाही.

गर्जनेला आम्ही पत्रा वापरायचो. छताला टांगायचा आणि खालची कड दोन्ही हातांनी धरून हलवायची, आधी हळू, मग जोरात. एका नाट्यगृहात पूर ओसरल्यावर महिन्याभराने प्रयोग होता. पत्रा गंजलेला, हलवला तर खळखळ नाही, नुसता भुसा पडला. नट आभाळाकडे बघत थांबलेला. मग मी विंगेतली रिकामी लोखंडी पेटी लाथेने आडवी केली. वीज अशी कडाडली की पहिल्या रांगेतलं पोर रडायला लागलं.

आत्याबाई, पुढच्या महिन्यात आमच्या पोरांची रंगीत तालीम आहे. भाच्याला घेऊन दुपारी तीनला मागच्या दाराने या, टेम्पोतून सामान उतरत असेल. चपला बाहेर. वर बघायचं, मध्ये यायचं नाही. घंटा वाजवायला मागेल, सगळी पोरं मागतात. पहिली देईन, तिसरी मिळणार नाही.

गावभागातली आत्या

काका, येतो. पहिली चालेल का विचारलं त्याला. म्हणतोय, दुसरी.