मदत हवी आहे: मनी वाटीपाशी येते, वास घेते आणि तोंड फिरवते
नमस्कार मंडळी. मी बडोद्यात, दांडिया बाजारात राहते. आमची मांजर मनी 11 वर्षांची. परवापासून वाटीपाशी येते, वास घेते, ओठ चाटते, सारखी घोट गिळते आणि कपाटाखाली जाऊन बसते. उलटी एकदाच झाली, नुसता पांढरा फेस. पण हनुवटी लाळेनं ओली असते. आई म्हणते नखरे आहेत; मला ही मळमळच वाटते. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठू शकते, म्हणून जीव टांगणीला लागलाय. काल डॉक्टरांनी मॅरोपिटंटचं (उलटी-मळमळ थांबवणारं औषध) इंजेक्शन दिलं. किडनीचा रिपोर्ट उद्या येईल. बळजबरीनं भरवलं तर अन्नाचाच तिटकारा बसतो, म्हणून तेही करवत नाही. तुमच्या म्हाताऱ्या मांजरानं असं केलं होतं का? पुन्हा खायला कशानं लागलं? कृपया लवकर सांगा.