अँज पोस्टेकोग्लूला नॉटिंगहॅम फॉरेस्टनेही मॅनेजरपदावरून नारळ दिला. आता पुढे कुठे? (लगेच 'सेल्टिक' म्हणू नका)

सतरावा_क्रमांक:

१८ ऑक्टोबर २०२५, चेल्सीकडून घरच्या मैदानावर ०-३. शेवटची शिट्टी वाजली आणि १८ मिनिटांत क्लबचं निवेदन आलं. मालक मारिनाकिस तर मॅच चालू असतानाच खुर्ची सोडून उठून गेला होता. ३९ दिवस, ८ मॅच, २ ड्रॉ, ६ पराभव. प्रीमियर लीगमध्ये कायमस्वरूपी नेमलेला कुठलाच मॅनेजर इतक्या लवकर गेलेला नाही.

मी स्पर्सवाला, म्हणजे टॉटनहॅमचा चाहता. आयडीचा अर्थ ज्यांना कळला त्यांनी हसून घ्यावं. २०२४-२५ ला लीगमध्ये आम्ही २२ मॅच हरलो, ३८ पॉइंट, रेलिगेशनच्या (खालच्या डिव्हिजनमध्ये घसरण्याच्या) बरोब्बर एक पायरी वर. आणि त्याच सीझनला, २१ मेला, बिल्बाओत मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून युरोपा लीग जिंकलो. १७ वर्षांतली पहिली ट्रॉफी, युरोपातली म्हणाल तर १९८४ नंतरची पहिली. मग ६ जूनला आमच्या बोर्डाने अँज पोस्टेकोग्लूला घरी पाठवलं. तेव्हापासून या माणसाचं पुढे काय होतंय यात माझा जीव अडकलाय.

सोमवारी (२७ ऑक्टोबर) ब्रेंडन रॉजर्सने स्कॉटलंडच्या सेल्टिकचा राजीनामा दिला, अँजचा जुना क्लब. तेव्हापासून जो तो म्हणतोय, खुर्ची रिकामी, माणूस रिकामा, जमलं की! मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा काढला.

माझं म्हणणं असं की अँजला चालू सीझनमध्ये कुणीही नेमू नये, आणि बोलावलं तरी त्याने जाऊ नये. सेल्टिकला तर नाहीच नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन रोअरला तो २००९ च्या ऑक्टोबरमध्ये गेला, तेव्हा सीझन सुरू झालेला होता. शेवटून दुसरे आले. बड्या सीनियर खेळाडूंना त्याने एकेक करून वाटेला लावलं, लोकांनी शिव्या घातल्या. पुढच्या सीझनला तोच क्लब चॅम्पियन, वर सलग ३६ मॅच न हरण्याचा विक्रम. जपानमध्ये योकोहामा एफ. मारिनोसला २०१८ मध्ये १२ वा, २०१९ मध्ये विजेता. सेल्टिकमध्येसुद्धा २०२१ ला लीगच्या पहिल्या ६ पैकी ३ मॅच हरलाच होता, मग लीग जिंकली.

'दुसऱ्या वर्षी मी काहीतरी जिंकतोच' असं तो आर्सेनलकडून हरल्यावर बोलला तेव्हा सगळ्यांनी टर उडवली. खोटं काय होतं त्यात? पण त्या वाक्याला एक न बोललेला भाग आहे: पहिल्या वर्षी कधी ना कधी पडझड होते, आणि ती बघत गप्प बसणारा मालक लागतो. फॉरेस्टमध्ये तसा मालक नाही हे ९ सप्टेंबरला सही करताना त्याला दिसत नव्हतं का? आदल्याच दिवशी आधीच्या मॅनेजरला, नुनोला काढलं होतं. ज्याने त्यांना सातव्या नंबरवर आणून युरोपात नेलं, त्या नुनोला!

तर पुढची नोकरी कुठली आणि कधी? ऑस्ट्रेलियाचं नाव घेऊ नका. तिथला कोच पोपोविचने वर्ल्ड कप गाठून दिलाय, ती जागा रिकामी नाही.


पॅराडाइज_६७:

सेल्टिक. घे, म्हटलं.

अरे, तू इंग्लंडच्या चष्म्यातून बघतोयस. तुमच्याकडे त्याची हाय लाइन (बचावफळी पार हाफवे लाइनजवळ उभी करायची पद्धत) फाटायची कारण समोर प्रत्येक टीमकडे दोन तरी सुसाट विंगर असतात. आमच्याकडे बहुतेक मॅचमध्ये समोरचे दहा जण त्यांच्याच बॉक्सभोवती उभे असतात. बॉल आमच्याकडे, प्रश्न एकच, हे कुलूप फोडायचं कसं. आणि ते फोडायची त्याची पद्धत आम्ही दोन सीझन बघितलीय: फुलबॅक आत येऊन मिडफील्डमध्ये, बॉल बाहेर गेला की थ्रो-इन दोन सेकंदांत, समोरच्याला श्वास घ्यायला वेळ नाही. २०२२-२३ ला लीग आणि दोन्ही कप. तिन्ही.

आताची आमची अवस्था सांगतो. ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीगच्या प्लेऑफमध्ये कझाकस्तानच्या कैरातशी दोन मॅच मिळून २१० मिनिटं खेळलो. एक गोल नाही. पेनल्टीवर हरून बाहेर. स्ट्रायकर क्योगोला जानेवारीत विकला, त्याच्या तोडीचा माणूस आणलाच नाही. गेल्या रविवारी लीगमध्ये हार्ट्सकडून १-३, ते ८ पॉइंट पुढे. अशा टीमला अँजच हवा. कर्णधार मॅकग्रेगर त्याचा, हताते त्याचा, माएदा तर त्याचा योकोहामापासूनचा. पहिल्या वर्षाची पडझड वगैरे इथे होणारच नाही, कारण हे त्याचं पहिलं वर्ष नसेलच.

आणि परत येणं वाईट असतं म्हणणाऱ्यांनी रॉजर्सकडेच बघावं. २०१९ ला आम्हाला सोडून लेस्टरला गेला, किती राग होता लोकांचा. परत आला आणि दोन्ही पूर्ण सीझनला लीग जिंकली.


हाफ_टर्न:

मी फॉरेस्टच्या आठही मॅच बघितल्या, त्यातल्या दोन तर दोनदा. (घरचे विचारतात कशासाठी. माझ्याकडे उत्तर नाही.)

सतरावा, तुझा मालकाचा मुद्दा मान्य, पण मैदानावर काय झालं तेही बोल ना. नुनोची टीम मागे बसायची. बचावातले मुरिलो आणि मिलेन्कोविच बॉक्समध्ये उभे राहून येईल ते डोक्याने उडवायचे, मग बॉल पुढे, तिथे स्ट्रायकर ख्रिस वुड. त्यावर वुडने लीगमध्ये २० गोल मारले. त्याच जोडीला अँज सांगतो, या, हाफवे लाइनजवळ उभे राहा. भाड्याच्या घरात पाय ठेवल्या ठेवल्या भिंती पाडायला घेतल्या. बरं, पाडून नवीन काही उभं राहिलं म्हणावं तर तेही नाही. लाइन ना धड वर ना धड खाली. स्वॉन्झीविरुद्ध लीग कपमध्ये २-० पुढे होते, इंज्युरी टाइममध्ये दोन गोल खाऊन २-३ हरले. संडरलंडविरुद्ध फ्री किकवर हेडर, ०-१. मिट्यूलनकडून घरी २-३. यातले कितीतरी गोल हाय लाइनमुळे पडलेच नाहीत. सेट पीसवर (फ्री किक, कॉर्नर) माणूस कोणी धरायचा हेच ठरलेलं नव्हतं. ते सरावातलं काम, त्याला एक वर्ष लागत नाही.

आणि पहिल्या वर्षी पडझड होतेच म्हणतोस, तर तुमच्याकडेच २०२३ ला पहिल्या १० मॅचमध्ये २६ पॉइंट घेतले होते त्याने. त्याचं काय?


ऑफसाइड_आजोबा:

मुलांनो, नोकरी गेलेला माणूस आहे, त्याला जरा श्वास घेऊ द्या.

हा मनुष्य पहिल्यांदा पडलेला नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ज्युनियर टीमचा कोच असताना टीव्हीवर थेट कार्यक्रमात समीक्षक क्रेग फॉस्टरशी त्याचं जे भांडण झालं ते शोधून बघा, अजून सापडतं. पुढच्या वर्षी नोकरी गेली. देशात कुणी विचारेना. मग गेला कुठे, तर ग्रीसच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, पानाहाइकी नावाच्या क्लबला. तिथून ब्रिस्बेन. या माणसाला खालून सुरुवात करायची लाज नाही आणि तो गुण मी मोठा मानतो. खेळाडू असताना साउथ मेलबर्नमध्ये हंगेरीचा महान खेळाडू फेरेन्त्स पुश्काश त्याचा कोच होता. पुश्काशला इंग्रजी धड यायचं नाही, म्हणून हा ग्रीकमधून दुभाषाचं काम करायचा आणि त्याला गाडीतून सोडायलाही जायचा. आक्रमणाचं वेड तिथलं असावं असं मला आपलं वाटतं.

माझं मत राष्ट्रीय टीम. २०२६ च्या जुलैत वर्ल्ड कप संपला की निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतील. २०१५ चा एशियन कप त्याने ऑस्ट्रेलियाला जिंकून दिलाय, फायनलला कोरियाला एक्स्ट्रा टाइममध्ये २-१. राष्ट्रीय टीमला आठवड्याला मॅच नसते, त्यामुळे दर शनिवारी खुर्ची सोडून जाणारा मालकही नसतो.


सतरावा_क्रमांक:

एकेकाला उत्तर देतो.

हाफ_टर्न, सेट पीसचं मान्य. आमच्याकडेही पहिल्या वर्षी कॉर्नर म्हटला की छातीत धडधड व्हायची आणि पत्रकारांनी विचारलं की हा चिडायचा. पण त्या २६ पॉइंटचं उत्तर तुझ्याच प्रश्नात आहे. जूनमध्ये आला, पूर्ण प्री-सीझन मिळाला, मॅडिसन, व्हिकारिओ, व्हॅन डे व्हेन नवे आणले. केन बायर्नला गेला तरी टीम धावत होती. नोव्हेंबरमध्ये चेल्सीविरुद्ध दोन रेड कार्ड, मॅडिसन आणि व्हॅन डे व्हेन त्याच मॅचमध्ये जखमी, आणि नऊ जण घेऊन हा हाफवे लाइनवर उभा. १-४. मला तो तेव्हाही आवडला, आजही आवडतो, पण उताराला सुरुवात तिथेच झाली.

तुझी भिंतींची गोष्ट चांगली आहे. फक्त एक सांग, बिल्बाओला त्याने काय केलं? युनायटेडला बॉल दिला, मागे बसला, एका गोलवर मॅच काढली. व्हॅन डे व्हेनने गोललाइनवरून उलटी उडी मारून बॉल काढला तो फोटो माझ्या फोनवर अजून आहे. त्याआधी फ्रँकफर्टला जाऊन १-० तसंच. म्हणजे त्याला मागे बसवता येतं. पण ते जमलं कारण त्या पोरांनी दोन वर्षं त्याच्यासाठी तंगड्या तोडून धावलं होतं. तो बदल म्हणाला तर ते बदलले. फॉरेस्टमध्ये कोण का ऐकेल? त्यांचा विश्वास नुनोवर होता, आणि तो नुनो तोवर वेस्ट हॅममध्ये जाऊन बसलाही होता.

पॅराडाइज, तुझ्या रॉजर्सच्या उदाहरणावर मी वाट बघत होतो कुणीतरी आणेल म्हणून. रॉजर्स परत कधी आला? २०२३ च्या जूनमध्ये. उन्हाळा हातात, खेळाडू खरेदीची विंडो उघडी, आणि तिन्ही ट्रॉफ्या नुकत्याच जिंकलेली टीम, अँजने बांधलेली. अँजला तुम्ही काय देताय? ८ पॉइंटची पिछाडी, नोव्हेंबर, आणि तेच बोर्ड ज्याच्याशी रॉजर्सचं खेळाडूंच्या खरेदीवरून फाटलं. तो गेल्यावर तुमचा सर्वात मोठा भागधारक डर्मट डेझमंडने जे निवेदन काढलं ते वाचलंस ना? लीग जिंकून देणाऱ्या माणसाबद्दल असं लिहितात? २०२१ ला अँज आला त्या उन्हाळ्यात क्योगो, जोटा, कार्टर-व्हिकर्स, जो हार्ट, अबादा आले. जानेवारीत हताते, माएदा. माणसं दिली म्हणून कुलूप फुटलं. नुसत्या फुलबॅकना आत आणून काय होतंय!

आणि समजा नाही जमलं. एका वर्षात तिसरी नोकरी गेली, तीही जिथे लोक त्याच्या नावाची गाणी म्हणायचे तिथे. मग त्याला परत कोण बोलावणार? जगात एकच जागा आहे जिथे त्याचं नाव काढलं की अजून सगळे हसतात. ती कशाला पणाला लावायची?

आजोबा, तुमचं राष्ट्रीय टीमचं डोक्यात होतं, पण २०१७ आठवा. ऑस्ट्रेलियाला वर्ल्ड कपला नेऊन ठेवलं आणि स्पर्धेच्या आधीच राजीनामा दिला. मला वाटतं त्याला रोज मैदान लागतं. वर्षातून दहा मॅचवर त्याचं भागणार नाही.


पॅराडाइज_६७:

बोर्डाबद्दल एक शब्दही बोलत नाही, तिथे तू बरोबर आहेस आणि आमच्याकडे दर मॅचला त्यावर बॅनर लागतायत.

पण तू धरून चाललायस की जूनमध्ये खुर्ची त्याची वाट बघत बसेल. मार्टिन ओनील आणि शॉन मलोनी सध्या तात्पुरतं सांभाळतायत, काल फॉल्कर्कला ४-०. ओनील ७३ वर्षांचा, तो काही पाच वर्षं राहत नाही. पण बोर्ड महिनाभरात कुणीतरी तरुण, स्वस्त, लॅपटॉपवाला आणेल आणि अडीच-तीन वर्षांचा करार देईल. मग अँजने जूनपर्यंत घरी बसून काय मिळवलं?


सतरावा_क्रमांक:

झोप मिळवली! २०२३ पासून त्याने तीही घेतलेली नाही.

लॅपटॉपवाला आणलाच तर तो तरी या बोर्डाच्या हाताखाली किती टिकेल? तुझ्याच क्लबबद्दल तुझाच अंदाज विचारतोय. मला विचारशील तर ओनीलला मेपर्यंत ठेवा आणि अँजशी आत्ताच बोलून घ्या. लेखी, विंडोच्या पैशांसकट.


ऑफसाइड_आजोबा:

हे बोर्ड लेखी देईल?


पॅराडाइज_६७:

आजोबा, मिठाला जागून खरं सांगतो: नाही. पण रविवारी हॅम्पडनला रेंजर्सविरुद्ध लीग कपची सेमीफायनल आहे. ती ओनीलने काढली तर मेपर्यंत त्याला हात लावायची कुणाची टाप नाही, आणि हरलो तर सोमवारी सकाळी अँजचा फोन वाजेल. तेव्हा सतरावा, तू उगाच नाही नाही म्हणत असशील तर रविवारी गुपचूप आमच्या बाजूने बस.


सतरावा_क्रमांक:

बसतो. फक्त हिरवा शर्ट घालायला सांगू नकोस.