सकाळच्या औषधफेरीतल्या चुका: आधी काय बंद करावं?

प्रश्न (पाळीप्रमुख): वृद्ध सेवा केंद्रात सकाळी आठच्या फेरीला एका नर्सकडे तीसेक रहिवासी, प्रत्येकाच्या सात-आठ गोळ्या. वेळ वाचावा म्हणून रात्रपाळीच वाट्यांमध्ये गोळ्या काढून ठेवते. ज्यांना गिळता येत नाही त्यांच्या सगळ्या गोळ्या एकत्र कुटतात. चार्टवरच्या सह्या फेरी संपल्यावर एकदम होतात. यातलं आधी काय बंद करावं?

परिचारिका_दिवसपाळी: वाट्या. स्ट्रिपमधून निघालेली पांढरी गोळी ही नुसती पांढरी गोळी असते, तिचं नाव, ताकद, मुदत काहीच कळत नाही. रात्री उशिरा डॉक्टरांनी डोस बदलला, तरी वाटीत जुनाच राहतो. एका रहिवाशाचा चार्ट उघडा, त्याच्याच गोळ्या काढा, त्यालाच द्या, मगच पुढे जा. लेबल तीनदा वाचा: स्ट्रिप उचलताना, गोळी काढताना, स्ट्रिप परत ठेवताना. स्मृतिभ्रंश असलेल्यांना "तुम्ही अमुकच ना?" असं विचारू नका, ते कुणाच्याही नावाला हो म्हणतात. चार्टवर अलीकडचा फोटो आणि जन्मतारीख हवीच.

सही मात्र गोळी गिळलेली पाहिल्यावर तिथल्या तिथे करा. रकाना कोरा दिसला की दुसरी नर्स तोच डोस पुन्हा देते. घेतली नाही तर रकान्यात तसं कारणासकट लिहा.

औषधनिर्माता: कुटण्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल, सीआर असेल तर ती गोळी औषध हळूहळू सोडते. अशी निफेडिपिनची (रक्तदाबाची) गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो, रक्तदाब कोसळतो आणि म्हातारं माणूस बाथरूमच्या वाटेवर पडतं. पँटोप्राझोल या आम्लपित्ताच्या गोळीचं आवरण ते आतड्यात पोचेपर्यंत टिकावं म्हणून असतं. कुटलं तर पोटातलं आम्लच औषध संपवतं. आणि सगळं एकत्र कुटल्यावर अर्धा घास थुंकला, तर कोणतं औषध किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय नीट न धुतलेल्या खलातली पूड पुढच्याच्या पोटात जाते.

आधी डॉक्टरांना विचारा: पातळ औषध किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळेल का, आणि हे औषध अजून लागतंच का? दुसरा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. पोटात अन्न सोडायच्या नळीतून द्यायचं असेल तर प्रत्येक औषध वेगळं द्या. आधी, मध्ये आणि शेवटी साधारण १५ मिली पाणी सोडा. पाण्यावर बंधन असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

परिचारिका_दिवसपाळी: आणखी एक. सगळं आठलाच का? थायरॉइडचं लेव्होथायरॉक्सिन नाश्त्याआधी ३० ते ६० मिनिटं, उपाशीपोटी. कॅल्शियम आणि लोह त्याच्यापासून चार तास लांब. पार्किन्सनचं लेव्होडोपा ठरल्या वेळीच. उशीर झाला की अंग आखडतं आणि पुढची गोळी गिळवतही नाही. हे नीट मांडलं आणि जी दिवसातून एकदाची औषधं दुपारी चालतील ती डॉक्टरांच्या संमतीने दुपारी हलवली, की आठची फेरी आपोआप हलकी होते.

संधिवाताच्या मेथोट्रेक्सेटला डोळ्यात तेल घालून जपा. ते आठवड्यातून एकदाच असतं. चुकून रोज गेलं तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात, जीवही जातो. चार्टवर उरलेल्या सहा दिवसांच्या रकान्यांवर फुली मारून ठेवा.

पाळीप्रमुख: चुकीची गोळी गेलीच तर?

औषधनिर्माता: उलटी काढायला लावू नका. रहिवासी शुद्धीवर आहे का, श्वास कसा आहे ते बघा, नाडी, रक्तदाब आणि साखर मोजा, आणि गोळीचं नाव, ताकद, वेळ हाताशी ठेवून लगेच डॉक्टरांना फोन करा. शुद्ध हरपत असेल किंवा श्वास मंदावला असेल तर आधी रुग्णवाहिका. पुढचा डोस स्वतःच्या मनाने गाळू नका, अर्धाही करू नका. घरच्यांना त्याच दिवशी सांगा. ज्या नर्सने स्वतःहून सांगितलं तिला झापलंत, तर पुढची चूक तुमच्यापर्यंत येणारच नाही.