स्टिल आणि प्राइस एकाच मैफलीत: ब्लूजचा मार्च का होतोय?

प्रश्न
अमेरिकी संगीतकार विल्यम ग्रँट स्टिल यांची 'आफ्रो-अमेरिकन सिंफनी' (1930) आणि फ्लॉरेन्स प्राइस यांच्या ई मायनर सिंफनीतला 'जूबा डान्स' एकत्र बसवतोय. वादक बीथोव्हन-ब्राम्सवर तयार झालेले. सूर चोख लागतात, पण ब्लूज (आफ्रिकी-अमेरिकन लोकांची गाण्याची शैली) सुरू झाला की लष्करी मार्च वाटतो. हार्मन म्यूट (ट्रम्पेटच्या पुढच्या तोंडात बसवायचा, आवाजाचा रंग बदलणारा) आणि बँजोबद्दलही सांगा. तालमी चारच आहेत.

प्रतिसाद 1
वादक ठोक्याची 3:1 अशी फोड (पहिल्या सुराला तीन भाग, दुसऱ्याला एक) करत असणार, मार्च तिथूनच येतो. ठोक्याचे तीन भाग मोजा: पहिल्या सुराला दोन, दुसऱ्याला एक. शिवाय डाउन-बोमुळे (बो म्हणजे गज, तो खाली ओढल्याने) पहिल्या ठोक्यावर आपोआप जोर पडतो. पहिल्या तालमीत व्हायोलिनं खाली ठेवून 12 बारांची (मात्रांच्या आवर्तनांची) थीम गाऊन घ्या, टाळी फक्त दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. मगच बो उचला.

जूबाला मात्र ही 2:1 ची फोड अजिबात लावू नका! तो स्विंगच्या (जॅझमधल्या या लांब-आखूड चालीच्या) फार आधीचा, गुलामांनी टाळ्या, मांड्या आणि पायांवर धरलेला ताल. तिथे फोड समान हवी. आखूड-लांब-आखूड या आकृतीत पहिला सूर अप-बोने (गज वर नेत) घ्या, म्हणजे मधल्या लांब सुराला डाउन-बोचं वजन मिळतं. सगळी गंमत त्या मधल्या सुरात आहे.

प्रतिसाद 2
स्टिलच्या सिंफनीत इंग्लिश हॉर्नच्या सुरुवातीनंतर थीम म्यूट लावलेल्या ट्रम्पेटकडे येते. हार्मनने सूर चढतो, ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) किंचित बाहेर ओढा. म्यूटवरचं बूच कोरडं असेल तर म्यूट निसटून खाली पडतो. आधी त्यावर तोंडाची वाफ सोडा. म्यूटची मधली नळी काढू नका. नळीविना येणारा आवाज ऐकला की जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आठवतो, तो रंग 1950 च्या दशकातला. आणि साथ खरोखर हळू आवाजात ठेवा, नाहीतर थीम बुडते.

प्रतिसाद 3
स्टिलच्या सिंफनीच्या तिसऱ्या भागाला टेनर बँजो लागतो, चार तारांचा. पाच तारांचा चालणार नाही. जुळणी सी-जी-डी-ए, म्हणजे व्हायोलाचीच, त्यामुळे व्हायोलावादकाला बोटं लगेच सापडतात. उजव्या हातात प्लेक्ट्रम (तार छेडायची नखी). आघात झाल्याबरोबर डाव्या हाताची बोटं सैल करा, नाहीतर ऑफबीट (दोन ठोक्यांमधला आघात) लोंबतो. वादकाला डबल बासजवळ बसवा. 10 मीटर अंतर पडलं तरी आवाज सुमारे 0.03 सेकंद उशिरा पोचतो, आणि ऑफबीटला तेवढंही जाणवतं.

प्रश्नकर्ता
3:1 चंच दुखणं आहे, ऐकून खात्री केली. वेग वाढला तरी 2:1 च ठेवायचं?

प्रतिसाद 1
नाही. वेग वाढेल तसे दोन्ही सूर समान होत जाऊ द्या. दुसरा आणि चौथा ठोका तेवढा सोडू नका.