खोती गावातील जमीन विकासकाला देताना जुने दस्त किती मागेपर्यंत तपासावेत?

प्रश्न (कातळवाट):
रत्नागिरी जिल्ह्यातील, पूर्वी खोती (खोताने गावाचा सारा वसूल करून सरकारकडे भरण्याची पद्धत) असलेल्या एका गावात आमची साडेतीन एकर जमीन आहे. निम्म्या भागात आंबा-काजू असून उरलेला कातळ आहे. तेथे बंगल्यांचे भूखंड पाडण्याचा प्रस्ताव एका विकासक कंपनीने दिला आहे. सातबाऱ्यावर आजोबा व त्यांच्या भावांचे मिळून एकवीस वारस आहेत आणि इतर हक्कांत 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा, म्हणजे विक्री-हस्तांतरावर बंधन असल्याचा, शेरा आहे. कंपनीचा माणूस म्हणतो, की खोती १९५० मध्येच संपली, आता चालू सातबारा पाहिला की पुरे. हे कितपत ग्राह्य धरावे?

प्रतिसाद (जुना दप्तरदार):
मुळीच धरू नये. खोती रद्द करणारा १९४९ चा कायदा १५ मे १९५० पासून अमलात आला हे खरे. परंतु त्याने खोताचा सारावसुलीचा मधला अधिकार संपवला, जमिनीवरील सगळे वाद मिटवले नाहीत. कोणती जमीन खोताच्या स्वतःच्या वहिवाटीत होती, कोणती धारेकऱ्याची (फक्त ठरलेला सारा देणाऱ्या कायम धारकाची) आणि कोणती कुळाची, यावरून पुढचे हक्क ठरले आणि त्यानंतर १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कुळांना मालकीची वाट मोकळी करून दिली. आपल्या सातबाऱ्यावर कलम ४३ चा शेरा आहे याचा अर्थ बहुधा आपल्या आजोबांनी ही जमीन कुळकायद्याच्या कलम '३२ ग' खाली कूळ म्हणून विकत घेतली. म्हणून पहिला शोध घ्यावा तो कलम '३२ म' च्या, म्हणजे खरेदीची किंमत भरल्यावर कुळाला मिळणाऱ्या, प्रमाणपत्राचा आणि तो नोंदवणाऱ्या फेरफाराचा. सातबाऱ्यावरील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी मानली जाते, तर ते प्रमाणपत्र हा खरेदीचा निर्णायक पुरावा ठरतो. त्यामागे जायचे असल्यास तालुक्याच्या अभिलेख कक्षात जुने बोटखत मागावे. जमीन कोण कसत होते आणि खोताला काय देणे होते, हे त्यावरून कळते.

प्रतिसाद (नजराणा):
कलम ४३ विषयी एक गोष्ट विकासक सहसा सांगत नाहीत. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षे उलटली असल्यास आकारणीच्या (जमिनीच्या शेतसाऱ्याच्या) चाळीस पट नजराणा शासनाकडे भरून पूर्वपरवानगीशिवाय विक्री करता येते. आकारणी नाममात्र असल्याने ही रक्कम किरकोळ असते. मात्र त्या सवलतीतला खरेदीदार शेतकरी असावा लागतो. कंपनी शेतकरी नसते, त्यामुळे खरेदीखत नक्की कोणाच्या नावे होणार आणि कोणत्या परवानगीने, हे लेखी मागावे. 'आमचा एक माणूस शेतकरी आहे, त्याच्या नावे करू' असे उत्तर आले, तर बैठक तेथेच संपवलेली बरी.

प्रतिसाद (चाकरमानी):
मला जास्त धास्ती एकवीस नावांची वाटते. सामाईक क्षेत्रातला एखादा हिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो, आणि घेणारा मग वाटपाचा दावा लावून सगळ्यांनाच कोर्टात ओढतो. मुंबईतल्या एकेका वारसाला गाठून कुलमुखत्यारपत्र करून घेण्याची पद्धत त्यासाठीच आहे. बोलणी सुरू करण्याआधी आपसांत वाटप करून त्याचा दस्त नोंदवावा आणि पोटहिश्शांची मोजणी मागावी.

कातळवाट:
आभारी आहे. कातळाचा भाग पडीक असल्याने त्याबाबत वेगळे काही पाहावे लागेल का? दोन चुलतभावांनी मुखत्यारपत्रे आधीच दिल्याचे आजच समजले.

प्रतिसाद (जुना दप्तरदार):
होय. त्या गटावर 'खाजगी वन' असा शेरा कधी लागला होता का, हे १९७५ पासूनच्या फेरफारांत पाहावे. महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायदा ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू आहे आणि त्याखाली जमीन शासनाकडे गेली असेल तर पुढचे सगळे बोलणे व्यर्थ. मुखत्यारपत्रांच्या नकला दुय्यम निबंधक कार्यालयात मिळतात का ते पाहावे आणि त्यांत विक्रीचा अधिकार दिला आहे की केवळ कार्यालयीन कामांचा, हे वाचून घ्यावे. विक्रीचा असेल तर चुलतभावांनी आधी वकिलाला गाठावे आणि मुखत्यारपत्र रद्द करता येते का, हे विचारावे.